काटेखेडचे सात

काटेखेडच्या सातचा मूळ कागद उद्या सोबत आणावा, असा निरोप मोबाईलवर आला तेव्हा मी इतवाऱ्याच्या बाजारात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी सोडून बघत होते. वरून हिरवीगार, आत काळी आणि चिकट. "मॅडम, आतून काहून पाह्यता? आतून सारंच तसं असते," असं म्हणत भाजीवालीनं जुडी माझ्या हातातून घेऊन पुन्हा बांधली, आणि मी निमूटपणे तीच विकत घेतली. एरवी मी भांडले असते. अमरावतीत मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे, कॉलेजात, कॉलनीत, बँकेत. तायडे मॅडम आल्या की माणसं आवाज खाली घेतात आणि मला ते आवडतं. पण त्या निरोपानं मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या बाईला सडका सांभारही चालतो.

निरोप अढाऊ सरांचा होता. डॉ. कुंदन अढाऊ, निवृत्त प्राध्यापक, आमच्या समितीचे अध्यक्ष. या गृहस्थांनी आयुष्यात चहाच्या आधी एकही पाखरू पाहिलेलं नाही. समितीचं काम मात्र मोठं आहे. वऱ्हाडातल्या एकशे बारा जातींची पाखरं-जनावरं नामशेष व्हायच्या किती जवळ पोचली, हे दर सात वर्षांनी ठरवायचं. प्रत्येक जातीला एक पायरी द्यायची, सुरक्षितपासून संपली इथपर्यंत. मग त्या सगळ्या पायऱ्यांची गोळाबेरीज करून एकच आकडा काढायचा. आकडा एक आला तर कुणालाच धोका नाही, शून्य आला तर सगळेच गेले. दर खेपेचे आकडे जोडले की एक रेघ तयार होते, आणि त्या रेघेवर ही मंडळी जगतात. अकोल्याच्या हॉलमध्ये एसी लावून, काजूकतली खात, उंटावरून शेळ्या हाकत ते मेळघाटातल्या घुबडाला एक पायरी वर चढवतात आणि नदीतल्या कासवाला एक पायरी खाली उतरवतात. त्यांच्यातले निम्मे फोटोवाले. हातभर लांब लेन्स, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, आणि पाखराच्या घरट्यापाशी मोबाईलवर त्याच पाखराचा आवाज वाजवून त्याला वेडं करायची कला. उरलेले निम्मे माझ्यासारखे, आकडेवाले. एकवीस वर्षं मी त्यांच्यात बसते आहे आणि एकवीस वर्षं त्यांना मनातल्या मनात शिव्या घालते आहे. तोंडानं घातल्या असत्या तर निदान त्यातून काही निघालं असतं.

त्या रेघेचा एक नियम आहे आणि तो खरोखर शहाण्या माणसांनी केलेला आहे. एखादी जात खालच्या पायरीवर आली, तर आधी विचारायचं की बदल तिच्यात झाला की आपल्या माहितीत. तिची खरंच वाताहत झाली असेल तर तो खरा बदल, रेघ खाली आली पाहिजे. पण आपणच आधी चुकीचं मोजलं होतं आणि आता नीट कळलं, असं असेल तर तो माहितीतला बदल. मग मागचा आकडाही दुरुस्त करायचा आणि त्यापायी रेघ हलू द्यायची नाही. चांगला नियम आहे. आपल्या अज्ञानाचं खापर पाखराच्या डोक्यावर फुटू नये म्हणून केलेला. पण शहाण्याचा नियम लबाडाच्या हाती गेला की त्याची काय गत होते ते आमच्या समितीत येऊन बघावं. गेल्या दोन खेपा जी जात ढासळली तिच्यापुढे हे लोक 'माहितीतला बदल' असं लिहीत आले. ससाणा गेला, माहितीतला बदल. लांडगा गेला, माहितीतला बदल. सगळं जंगल रिकामं झालं तरी आमची रेघ टेबलासारखी सपाट राहील आणि अहवालात शब्द येईल, 'स्थिर'. हा शब्द अढाऊ सरांना इतका आवडतो की त्यांनी नातवाचं नावही तेच ठेवलं असतं.

या खेपेला एकच जात अडली होती. तणमोर. कोंबडीएवढं पाखरू. पावसाळ्यात त्याचा नर गवतातून माणसाच्या डोक्याएवढी उंच उडी मारतो, पंख फडफडवतो, पुन्हा त्याच जागी पडतो, आणि दिवसभर हेच करत राहतो, मादीनं पाहावं म्हणून. आमच्या कागदांवर त्याची खात्रीची जागा एकच, अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना आत वळलं की काटेखेडचं ई-क्लासचं रान, सरकारी चराईचं. दोन हजार चारला तिथं सात नर. दोन हजार अकराला आणि अठराला कुणी गेलंच नाही, सात तसाच पुढे ओढला. गेल्या पावसाळ्यात, त्यानंतर प्रथमच, माणसं गेली, तीन पावसाळी महिने बसली आणि शून्य घेऊन परत आली. सातावरून शून्य. हा खरा बदल धरला तर तणमोर एकदम तीन पायऱ्या उतरतो आणि रेघ सगळ्यांच्या डोळ्यांत खुपेल अशी वाकते. आणि त्या दोनशे एकर रानावर सोलरचे पॅनल बसवायचा प्रस्ताव आहे, तो या रेघेपाशी येऊन थांबलाय; रेघ वाकली की प्रस्ताव बारगळला. म्हणून अढाऊ सरांना आता सात हा आकडा संशयास्पद वाटायला लागला होता. म्हणून मूळ कागद. आणि तो सात माझा होता. माझा एकुलता एक शोधनिबंध त्याच्यावर, माझं समितीतलं आसन त्याच्यावर. अकोल्यात मला सातवाल्या मॅडम म्हणतात.

घरी आल्याबरोबर कपाट उघडून कागद काढला. पिवळा पडलेला छापील तक्ता. गाव, तारीख, वेळ, नर किती, आणि शेवटचा रकाना, 'कसे दिसले'. त्यात प्रत्यक्ष, आवाज, खुणा यांतलं एक लिहायचं असतं. नर किती, तिथं माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या गोलसर अक्षरात सात. शेवटचा रकाना रिकामा. एकवीस वर्षांत तो रिकामा रकाना कुणी पाहिला नाही, कारण आमच्यात आकडा सगळे पाहतात आणि त्याच्या शेजारी काय आहे ते कुणी पाहत नाही. मी सोडून. मला ठाऊक होतं. मी तो रकाना ठरवून रिकामा ठेवला होता. खोटं लिहिलं नाही एवढं समाधान पुढच्या आयुष्याला पुरेल असं तेव्हा वाटलं होतं, आणि काय सांगू, पुरलंही.

सकाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. बैठक तीनला होती, मी आठलाच निघाले. का, ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मे महिना, बडनेरा सुटेस्तोवर खिडकीच्या गजाला हात लावता येईना. पर्समध्ये कागद होता आणि निळ्या शाईचं पेन होतं. घरातल्या सगळ्या पेनांतून मी ते शोधून काढलं होतं, जुन्या शाईच्या सगळ्यांत जवळ जाणारं. एक शब्द लिहायचा होता. प्रत्यक्ष. तेवढ्यानं सात पक्का झाला असता, अढाऊ सरांचं तोंड बंद झालं असतं, रेघ खाली आली असती, रान वाचलं असतं. एवढ्या पुण्याच्या कामासाठी एक शब्द. आणि नाही लिहिला तर? तर कागद पाहून ते म्हणतील, पाहिलेच नव्हते म्हणजे नव्हतेच, शून्यावरून शून्य, माहितीतला बदल. मी खरं बोलले तरी ते तेच म्हणतील, वर माझे आभार मानतील. लबाडांना हवी असलेली एकच खरी गोष्ट माझ्या पर्समध्ये होती. कुणाला सांगावं तर हसतील अशी ही अडचण. आयुष्यभर ज्यांची थुंकी झेलायची वेळ येऊ नये म्हणून जपलं, त्यांच्याच रांगेत मी केव्हाची उभी होते, फक्त तोंड दुसरीकडे करून.

बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं हे मला माहीत आहे, आणि म्हणून मी त्यांची आठवण सहसा काढत नाही. ते नांदगाव खंडेश्वरला प्राथमिक शिक्षक होते. एक्क्याण्णवच्या जनगणनेत त्यांना एक वाडी दिली होती आणि शाळेला सुटी म्हणून मी त्यांच्या मागे मागे फिरत होते. बाकीचे गुरुजी कुलूप दिसलं की 'कुलूप' असं लिहून पुढे जात. बाबा एका घरी तीनदा गेले, तिन्ही वेळा कुलूप. चौथ्यांदा गेले तेव्हा मी चिडले. बाबांनी कुलूप हलवलं आणि आतून म्हातारीचा आवाज आला, "कोन हाये?" पोरगा-सून संत्र्याच्या तोडीला वरूडकडे गेलेले, म्हातारी भटकते म्हणून बाहेरून कुलूप घालून, शेजारीण खिडकीतून भाकर देणार. बाबांनी दाराच्या फटीतून तिला नाव विचारलं, वय विचारलं, तिनं वय सांगताना दोनदा चूक केली, ते दोन्ही वेळा थांबले. मग फॉर्मवर एक लिहिलं. परत येताना एवढंच म्हणाले, "बाई, कुलूप म्हंजे शून्य नसते." ते मला लहानपणापासून बाई म्हणत. मी पुढे संख्याशास्त्र शिकले, हे वाक्य मी वर्गात दरवर्षी माझं म्हणून सांगते, पोरं वहीत लिहून घेतात. आणि काटेखेडच्या दाराला मी एकवीस वर्षं हात लावलेला नाही.

मूर्तिजापूरला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले, आणि मी पेन काढलं. मांडीवर पर्स, पर्सवर कागद. 'प्र' लिहिला. चांगला आला, जुन्या अक्षराशी जुळणारा. मग पुढे हात जाईना. पश्चात्ताप वगैरे नव्हे. शेजारच्या सीटवरची बाई परत आली आणि माझ्याकडे बघून हसली, एवढंच कारण. मी कागद घडी करून आत टाकला. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर लक्षात आलं की आता तो कागद आधीपेक्षा वाईट झालाय. आधी त्यावर रिकामी जागा होती. आता तिथं एकवीस वर्षांनी लिहायला घेतलेलं आणि अर्ध्यात सोडलेलं खोटं आहे. खोटंसुद्धा धड पुरं करता येत नाही, आणि मी अढाऊंना हसते. अढाऊ निदान वाक्य पूर्ण करतात.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुरुष मंडळी जीप घेऊन दुसऱ्या रानांकडे गेली होती आणि मला काटेखेडला सोडलं होतं, कारण तिथं सोबतीला बाई मिळत होती. मैनाबाई, फासेपारध्यांच्या बेड्यावरची, म्हणजे वस्तीवरची. तेव्हा चाळिशीची असेल, काटक, पायात काही नाही, गवतात चालली तर गवत हलायचं नाही. पहाटेपासून आम्ही दोघी बांधाआड बसलो. पाऊस भुरभुरत होता, माझ्या दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरत होती. मी पुसायची, डोळ्याला लावायची, पुन्हा वाफ. दिवसभरात मला एक उडी दिसली असेल, तीही नक्की नाही. मैनाबाईला सगळं दिसत होतं हे मला दिसत होतं, तिची मान इकडून तिकडे वळत होती. मी विचारलं, किती आहेत? ती गवताची काडी चावत राहिली. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मोकळ्याले मोजत नाई वं. फासात आला का मोजाव. आमच्या सासऱ्यानं शिकोलं. मोकळं असन तं असू द्याव." मला राग आला. अडाणी बाई, मी मनात म्हटलं. संध्याकाळी जीप येणार, तक्त्यावर आकडा हवा, मी पहिल्याच कामावर, आणि ही मला रीत सांगते. चौथ्यांदा मी जरा आवाज चढवूनच विचारलं, तेव्हा ती कंटाळली आणि म्हणाली, "सात." मी सात लिहिलं. लिहिताना मला नीट कळलं होतं की हे गवतातले नाहीत, फासातले आहेत, त्या पावसाळ्यात तिच्या घरानं धरलेले, भाजलेले, खाल्लेले. कळलं नाही असं पुढे म्हणता यावं म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला नाही. नंतर स्वतःची समजूतही छान काढली की खरं लिहिलं असतं तर तिच्या बेड्यावर पोलीस गेले असते, मी तिला वाचवलं. किती सोयीची दया. काटेखेडचे सात जिवंत नर, ज्यांच्यावर माझं नाव चाललं, ते सातच्या सात मेलेले होते.

अकोल्याला उतरले तेव्हा उन्हाची झळ तोंडावर बसली. रिक्षावाल्याला काटेखेड म्हटलं तर त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रान रस्त्याच्या डाव्या हाताला लागलं, करपलेलं, आणि त्यात ओळीनं सिमेंटचे लहान खांब, हद्दीचे, ताजा पांढरा रंग दिलेले. बेड्यावर आता पत्र्याची घरं होती. मैनाबाई बाजेवर बसून तूर पाखडत होती. केस पूर्ण पांढरे, एका डोळ्यावर पडदा आलेला. मी नाव सांगितलं तर तिला ओळखू येईना. दुर्बिणीचं सांगितलं, वाफेचं सांगितलं, तेव्हा ती हसली. "हो हो, तू त. काच पुसत बसे ते. बस ना. उनातानाची काहून आली?" मी बसले. तिच्यापाशी बसलं की माझी वर्गातली मराठी आपोआप गळून पडते. मी म्हटलं, "मैनाबाई, तवा मी तुमाले इचारलं होतं, रानात किती हायेत. तुमी सांगतलं नाही. आज सांगता का? त्या सालचे." आणि तिनं काडी तोंडात धरून गप्प बसावं, मी पुन्हा अडाणी म्हणावं, आणि माझी सुटका व्हावी, अशी मी वाट बघत होते. मला नकारच हवा होता. नकार घेऊन मी बैठकीला गेले असते आणि गप्प बसले असते.

मैनाबाईनं सूप खाली ठेवलं. "त्या साली? धरलेले सोडून?" तिनं विचारलं, म्हणजे तिलाही तो सात आठवत होता. "सोडून," मी म्हटलं. आणि ती एकेक बोट मुडपत सांगायला लागली, जसं गल्लीतली घरं सांगावी तसं. "नाल्याच्या अंगाले दोन. बोरीपाशी एक. म्हसोबाच्या दगडापाशी तीन, त्यातले दोघं रोज भांडत. जुन्या बांधाखाली चार. येड्या बाभळीपाशी एक, तो लंगडा होता, उडी वाकडी मारे. तळ्याच्या वरतं पाच. पांदीच्या कडेनं दोन. टेकडीच्या मांगं चार. किती झाले?" बावीस झाले होते. "हे सारे नर. मादी कोनाले दिसत नाई." मी वहीत लिहून घेतलं, मग माझ्यातली बनेल बाई जागी झाली आणि मी उलट्या क्रमानं विचारलं, टेकडीच्या मागं किती, पांदीला किती, तळ्यावर किती. तिनं तेच आकडे दिले आणि वर मला झापलं, "काहून वं, मी खोटी वाटली का तुले?" मी म्हटलं, नाही. मग विचारलं, आता किती आहेत? "आता कुठचे? बाभूळ बी नाई रायली." बोलताना तिचा आवाज हलला नाही, ती पुन्हा सूप उचलायला वाकली. मला तिचा भयंकर राग आला. बावीस होते, हिला ठाऊक होते, बाभळीपाशी किती आणि बोरीपाशी किती हे सगळं डोक्यात होतं, आणि ही बया सात सांगून मोकळी झाली. मी ओरडलेच, "मंग तवा काहून नाही सांगतलं?" तिनं मान वर केली आणि चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं, मंद पोराकडे पाहावं तसं.

"तवा होते ना," मैनाबाई म्हणाली. "असलेल्याले मोजत नाई, पोरी. नजर लागते. आता मोजलं तं काय होते?"

मी निघताना विचारलं, नाव लिहिलं तर चालेल का, पोलीस येतील कदाचित. ती म्हणाली, "लिव ना. मैनाबाई लिव. पोलीस कवा नाई आले?"

तीन वाजता मी हॉलमध्ये होते. एसी, काजूकतली, सतरा माणसं. प्रतीक्षा गावंडे पडद्याशेजारी लॅपटॉप घेऊन इतिवृत्त लिहायला बसली होती. ती अकोल्याच्याच कॉलेजात शिकवते, पस्तिशीची, सगळ्यांना हो सर हो मॅडम करते, म्हणून मी तिला कधी मोजलंच नव्हतं. पडद्यावर रेघ होती, तीन ठिपके सपाट, चौथ्या ठिपक्यापाशी खाली वाकलेली. अढाऊ सरांनी हात पुढे केला, मी कागद दिला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. माणूस चहाच्या आधी पाखरू बघत नसेल, कागद मात्र नीट बघतो. "मॅडम, हा 'प्र' ताजा दिसतो आहे."

"हो सर. आज सकाळी लिहिला. मूर्तिजापूरला."

झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे मला कळतं, मी काही मूर्ख नाही. पण मग मी सगळं सांगितलं. वाफेची काच, फासातले सात, न विचारलेला दुसरा प्रश्न, मूर्तिजापूर. सांगताना आवाज चढलेलाच होता, मला खाली घेता येत नाही. मला वाटलं होतं शरम वाटेल. तीही वाटली, पण त्याआधी वाटला तो या सतरा चेहऱ्यांचा तिटकारा, कारण त्यांच्यावर धक्का नव्हता, सुटका होती. अढाऊ सर तर खुर्चीत सैल झाले. फार मोठ्या मनाचं काम केलंत, ते म्हणाले. सात हा आकडा बाद. सबब, बदल खरा नव्हे, माहितीतला.

"बरोबर," मी म्हणाले, "आणि माहितीतला बदल असला की मागचा आकडा दुरुस्त करायचा असतो. करा. सात खोडा, बावीस लिहा. बावीसवरून शून्य, हा खरा बदल." आणि वही उघडली.

"पुरावा?" अढाऊ सरांची सभेची मराठी इथं सुटली. "बाप दाखव नाही तं श्राद्ध कर, मॅडम. एकवीस वर्षांनी एक म्हातारी काहीही सांगन आन् आपण लिवून घ्यायचं काय?"

"सातला काय पुरावा होता? माझी सही. तो एकवीस वर्षं चालला, दोनदा तुम्हीच पुढे ओढला. बावीसवर पण माझीच सही आहे."

"तुमच्या सहीची किंमत तुमीच आत्ता सांगतली ना!" ते म्हणाले, आणि सगळे हसले. खरं सांगायचं तर उत्तर चांगलं होतं. मीही दिलं असतं. मग ते शांत झाले, पाणी प्यायले आणि पुन्हा शुद्ध बोलायला लागले. सातही नको, बावीसही नको. रकाना रिकामा ठेवावा. माहिती अपुरी. आणि ज्या जातीची माहिती अपुरी ती गोळाबेरजेत धरत नाहीत, हाही नियमच आहे, हाही शहाण्यांनी केलेला. प्रतीक्षानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कळ दाबली. एकशे बाराचे एकशे अकरा झाले. रेघ सरळ झाली. एवढ्यासाठी मी माझं नाव, निबंध, खुर्ची सगळं त्या टेबलावर ओतलं होतं. हात दाखवून अवलक्षण याला म्हणतात. अढाऊ सर 'स्थिर' म्हणाले, हळू आवाजात, प्रेमानं.

मी उठले नाही. सदस्याचं निवेदन इतिवृत्तात घ्यावंच लागतं, तो नियम मला पाठ होता, आणि नियमांचं खायचं तर मीही थोडं खाल्लं. मी म्हणाले, निवेदन आहे, घ्या. आणि वाचायला लागले. नाव मैनाबाई, राहणार काटेखेड बेडा. नाल्याच्या अंगाला दोन. बोरीपाशी एक. म्हसोबाच्या दगडापाशी तीन. वाचता वाचता माझा आवाज उतरत गेला, आपोआप. बाबा घरांची यादी वाचत तसा झाला, ना चढ ना उतार, एकेका दारापाशी थांबून. जुन्या बांधाखाली चार. येड्या बाभळीपाशी एक, लंगडा. दोघेजण मोबाईल पाहत होते, एक घड्याळ पाहत होता. तळ्याच्या वर पाच. पांदीच्या कडेनं दोन. टेकडीच्या मागं चार. प्रतीक्षाची बोटं माझ्या मागोमाग चालत होती, एकही ठिकाण तिनं पुन्हा विचारलं नाही. ते बावीस खरे होते की एका म्हातारीनं उन्हातानाची आलेल्या बाईला दिलेले, हे मला आजही माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. ते कळायचा दिवस एकवीस वर्षांपूर्वी होता आणि त्या दिवशी मी काच पुसत बसले होते.

अढाऊ सर फाईल बांधत होते. नाडीची गाठ मारता मारता, सहज, जिंकलेल्या माणसाच्या मोठेपणानं त्यांनी विचारलं, "पण मॅडम, एवढं सगळं ठाऊक होतं, तर त्या बाईनं तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तेव्हा होते, सर," मी म्हणाले.

प्रतीक्षानं तेवढंही लिहून घेतलं.